ब्रेकमास्तरांचा उजवा पाय

माझ्या थोरल्या भावाचा उजवा पाय स्वस्थ बसलेला मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. बसमध्ये बसला की ड्रायव्हरच्या आधी हा ब्रेक दाबायचा, म्हणजे पायाखालची जमीन दाबायचा. टॅक्सीत बसला की खालच्या मॅटचा चोळामोळा करायचा. दाताच्या डॉक्टरांनी यंत्र तोंडाजवळ आणलं तेव्हाही याचा पाय खाली गेला होता असं वहिनी सांगते, आणि वहिनीला तिखटमीठ लावायची सवय नाही. टीव्हीवर कुणी भरधाव गाडी हाणली तरी आमच्या घरातलं स्टूल हलायचं.

त्यात त्याचा दोष नाही. दादाचं ड्रायव्हिंग स्कूल आहे. स्कूल म्हणजे एक गाडी, तिच्या टपावर एक पाटी आणि आत दादा. शिकणाऱ्याशेजारच्या सीटपुढे, दादाच्या पायाशी, एक जादा ब्रेक बसवलेला आहे. शिकणारा घाबरला, गोंधळला किंवा रस्ता सोडून दुकानांकडे बघायला लागला की दादानं तो दाबायचा. म्हणून सगळे त्याला ब्रेकमास्तर म्हणतात. आमच्या भागात गाडी चालवणारे निम्मे लोक त्याच्या हाताखालून, खरं तर पायाखालून, गेलेले आहेत.

त्याचे धंद्याचे दोन नियम होते. पहिला, कामावर असताना पाणी प्यायचं नाही. एक शिकाऊ उतरला की दुसरा चढतो, मधे कुठे थांबायची सोय नसते, आणि शिकाऊ माणसाला चालू गाडीत एकटं सोडून लघवीला जाणं म्हणजे परत आल्यावर गाडी जागेवर सापडेल याची खात्री नाही. म्हणून सकाळी चहा, मग थेट दुपारी घरी आल्यावर पाणी. मधे फार तर ओठ ओले करायचे. या सवयीचा त्याला अभिमान होता. "उंट बाटली घेऊन फिरतो का?" असं विचारायचा.

दुसरा नियम, घरच्यांना शिकवायचं नाही. हा नियम माझ्यामुळे झाला. खूप वर्षांपूर्वी त्यानं मला शिकवायला घेतलं होतं. दुसऱ्याच वळणावर तो माझ्यावर ओरडला. मी भर रस्त्यात गाडी बंद केली, दार उघडलं आणि चालत घरी आले. मागे हॉर्न वाजत होते. मला त्याचं आजही काडीचं वाईट वाटत नाही. पण त्या दिवसापासून घरातल्या बायकांनी स्टिअरिंगला हात लावायचा नाही असं ठरलं, आणि वहिनीची संधी माझ्यापायी गेली. अख्ख्या गावाला गाडी शिकवणाऱ्याची बायको भाजीच्या पिशव्या घेऊन बसथांब्यावर उभी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

मी त्यांच्याच घरात वरच्या मजल्यावर राहते. कपडे दुरुस्त करते. चेन बदलणं, कंबर सैल करणं, वजन उतरलं असा गैरसमज झालेल्यांची कंबर आधी घट्ट आणि मग पुन्हा सैल करणं. खाली काय चाललंय ते मला माझ्या मशिनच्या आवाजातही ऐकू येतं, त्यामुळे पुढचं सगळं मी पाहिलेलं आणि ऐकलेलं आहे.

दोन वर्षांमागे दादाचं पोट फुगायला लागलं. तो गॅसच्या गोळ्या खात राहिला. लघवी थेंब थेंब होतेय हे त्यानं वहिनीलाही सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती मूठ शेवटी इस्पितळात उघडली. पोट दगडासारखं, घामानं शर्ट भिजलेला, बोलता येईना. तिथल्या नर्सनं नळी घातली, आणि पिशवी भरायला लागली. एक भरली, दुसरी लावावी लागली. दादाच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परतला. आमची आई गेली तेव्हा रडला होता, त्यानंतर त्या दिवशी त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "सिस्टर, तुमचे उपकार," एवढंच बोलला. ती म्हणाली, "माझे कसले, नळीचे."

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. मूत्राशयाच्या नसांनी काम सोडलंय. लघवी साठते, पण बाहेर ढकलायची ताकद राहिलेली नाही. वहिनीनं विचारलं, वर्षानुवर्षं दाबून धरल्यामुळे झालं का? डॉक्टर म्हणाले, तेवढ्यानंच झालं असं म्हणता येणार नाही, पण त्यानं भलंही झालं नाही. नळी काढून पाहिली, पुन्हा सगळं तुंबलं. मग ठरलं, नळी कायमची. काही आठवड्यांनी बदलायची, बाकी सांभाळायचं घरीच.

घरी आल्यावर दादा खिडकीशी बसून राहायला लागला. खिडकीतून गाडी दिसते. तिच्यावर धूळ साचत होती. कसं वाटतंय विचारलं तर म्हणायचा, "मी आता बाटली झालोय. वरून ओता, खालून काढा."

"बाटली एवढं बोलत नाही," वहिनी म्हणायची.

त्याला मरणाची भीती नव्हती. त्याला भीती होती ती गाडीतल्या त्या सीटची. तिथे पुन्हा बसता येईल का, आणि बसलोच तर शेजारच्याला कळेल का. डॉक्टर काम करायला हरकत नाही म्हणाले होते, पण डॉक्टरांच्या शेजारी बसून कुणी क्लच सोडत नाही, असं दादाचं म्हणणं.

सुरुवातीला रोज आणि पुढे अधूनमधून इस्पितळातली एक नर्स घरी यायची. आवाज खणखणीत, आणि चपला काढायच्या आधी बेसिनकडे बघायची. तिनं वहिनीला आणि दादाला समोर बसवून सगळं शिकवलं. आधी साबणानं हात. नळी शरीरात जिथे जाते तिथे रोज साबण-पाण्यानं पुसायचं, शरीराकडून बाहेरच्या बाजूला, उलटं नाही. नळी मांडीला पट्ट्यानं बांधायची, म्हणजे ओढ बसत नाही. पिशवी काठोकाठ भरायची वाट बघायची नाही. पिशवीच्या तळाची तोटी जमिनीला लावायची नाही. दिवसा छोटी पिशवी पायाला बांधायची, झोपताना तिला मोठी पिशवी जोडायची आणि ती पलंगाच्या खाली लटकवायची. आणि पिशवी नेहमी पोटाच्या खालीच राहिली पाहिजे.

हे शेवटचं वाक्य दादाच्या डोक्यात शिरलं नाही. आंघोळीला गेला आणि पिशवी भिजू नये म्हणून वर टॉवेलच्या खुंटीला अडकवली. वर आणखी स्वतःवर खूश. नर्सला कळलं तेव्हा ती म्हणाली, "मास्तर, चढावर गाडी न्यूट्रलला टाकून हात सोडता का?"

"नाही."

"का नाही?"

"मागे जाईल."

"मग हेही मागे जाईल. तुमच्या पोटात."

त्याला ते असं कळलं की पुन्हा कधी चुकला नाही. आणि वहिनीलाही त्यातून एक युक्ती सापडली. दादा प्रत्येक शिकाऊ माणसाकडून वळणापूर्वी तीन शब्द मोठ्यानं म्हणवून घेतो: आरसा, इंडिकेटर, वळण. वहिनीनं तिचे तीन केले: हात, नळी, पिशवी. हात धुतले का, नळी कुठे मुडपली नाही ना, पिशवी खाली आहे ना. सकाळी उठल्यावर, जेवणानंतर, झोपताना ती दारात उभी राहून विचारायची आणि दादानं उत्तर द्यायचं. आयुष्यभर दुसऱ्यांकडून पाठ म्हणवून घेणाऱ्याला स्वतः पाठ म्हणावा लागतोय हे पाहून मला फार समाधान वाटायचं.

नळीपायी त्रासही झाले. कधी पोटात कळ यायची आणि नळीच्या कडेनं ओल व्हायची. एकदा बद्धकोष्ठ झालं तर त्याचाच दाब आला. एकदा लघवी गढूळ आली, अंगात कणकण आली, औषध घ्यावं लागलं. पण हळूहळू ती नळी घरातली झाली. चष्मा जसा घरातला असतो, तशी. वहिनी पिशवी रिकामी करून बादली धुताना गुणगुणायची, हेही मी ऐकलंय.

मग मी माझं काम केलं. दादाच्या पॅंटींच्या आतल्या शिवणीला, गुडघ्याखाली, चेन बसवून दिली. म्हणजे पॅंट न उतरवता, नुसती चेन उघडून तोटी बाहेर काढता येते. पहिली पॅंट घालून तो आरशासमोर पुढून, मागून, कडेनं फिरला. पिशवी कुठेच दिसत नव्हती. "तुला बरं जमतं की हे," म्हणाला. माझ्या भावाच्या तोंडून कौतुक निघणं म्हणजे काय ते ज्यांना भाऊ आहे त्यांनाच कळेल.

त्यानं गाडी पुसली आणि कामाला लागला. पहिल्याच दिवशी पिशवी उजव्या पोटरीला बांधून गेला. ब्रेक दाबायचा पायही तोच. पहिला ब्रेक दाबला आणि नळीला अशी ओढ बसली की शिकाऊ माणसाआधी मास्तरच ओरडले. शिकणारा बिचारा पाववाला होता. त्याला वाटलं आपलंच काही चुकलं, त्यानं हात जोडून माफी मागितली. दुसऱ्या दिवसापासून पिशवी डाव्या पायाला गेली आणि उजवा पाय मोकळा झाला. संध्याकाळी दादा घरात शिरला तो शीळ घालत. वहिनी स्वयंपाकघरात पाठमोरी उभी होती. ती वळली नाही, पण तिनं आमटी ढवळायचं थांबवलं आणि शीळ संपेपर्यंत तशीच उभी राहिली. त्या दिवशी मला ज्यानं कुणी ही नळी शोधून काढली त्याचे पाय धरावेसे वाटले.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. दादानं पाण्याचा जुना नियम पुन्हा सुरू केला. आता तर त्याला कारणही मिळालं होतं. पाणी प्यायलं की पिशवी भरणार, भरली की शेजारच्याला फुगवटा दिसणार, रिकामी करायला थांबावं लागणार, मग कळणार. वहिनी सकाळी बाटली भरून द्यायची. तो ती गाडीत ठेवायचा आणि दुपारी घराबाहेरच्या झाडाला पाजायचा. झाड उत्तम वाढलं.

नर्सला पिशवीतला रंग दिसायचा. "कडक चहासारखी लघवी होतेय. पाणी पिताय ना, मास्तर?"

"पितो की."

दिवसभर लोकांना नियम पाळायला सांगणारा माणूस. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

त्याच दिवशी तिनं जाता जाता विचारलं, "नळी कधी बंद पडली, पोट दुखायला लागलं आणि पिशवीत काही येईना, तर वाट बघायची नाही, लगेच निघायचं. घरात गाडी आहे ना? चालवतं कोण?"

आम्ही दोघींनी दादाकडे पाहिलं.

"म्हणजे पेशंटला दवाखान्यात पेशंटच आणणार," नर्स म्हणाली आणि चपला घालून निघून गेली.

वहिनीनं ओट्यावरचं फडकं घडी करून ठेवलं. "मी शिकते गाडी."

"घरच्यांना शिकवत नाही मी. माहीत आहे तुला."

"तुम्ही कुठे शिकवा म्हटलं? बाजारामागे दुसरं स्कूल आहे ना, तिथे जाते. त्यांची गाडी नवी आहे म्हणतात."

बाजारामागचं स्कूल म्हणजे दादाचं दुखरं गळू. तिथला मालक शिकाऊ माणसाला पहिल्याच दिवशी हमरस्त्यावर काढतो, असं म्हणताना दादाच्या मानेची शीर फुगते. दादानं खिळ्यावरची गाडीची किल्ली काढली आणि पुन्हा अडकवली. मग म्हणाला, "उद्या दुपारी. माझं शेवटचं गिऱ्हाईक झाल्यावर."

"वन्सं मागे बसतील," वहिनी म्हणाली. "तुम्ही ओरडलात तर साक्षीदार हवा."

अशी मी त्या गाडीत पुन्हा चढले, पण मागच्या सीटवर. वहिनी साठीला टेकलेली. गाडी बरी चालवायची. सावकाश, पण विचार करून. अडचण तिच्या हातांची नव्हतीच, दादाच्या पायाची होती. लांबवर मांजर दिसलं, ब्रेक. समोरून सायकल आली, ब्रेक. वहिनी स्वतः ब्रेकवर पाय नेणार तेवढ्यात हा आधीच दाबून मोकळा. पुढच्या सीटवर आपटून आपटून माझ्या कपाळाला टेंगूळ आलं.

"अहो, गाडी मी शिकतेय की तुमचा पाय शिकतोय?" वहिनीनं शांतपणे विचारलं.

"आपोआप जातो."

"मग परीक्षेला त्याला पाठवा."

परीक्षा घेणारा शेजारी बसतो तेव्हा त्याला ब्रेक दाबावा लागला की नापास. हे दादाला चांगलं ठाऊक होतं. पण बायको चालवतेय म्हटल्यावर त्याचा पाय त्याचं ऐकेना. वहिनी रात्री जेवताना मला म्हणाली, "त्यांचा माझ्यावर विश्वास बसेल तेव्हा माझा बसेल. तोवर नुसतं पेट्रोल जळतंय."

पुढच्या आठवड्यातली दुपार. उन्हाळा. दादाची सकाळपासून ओळीनं गिऱ्हाइकं झाली होती. गावाबाहेर गोदामांच्या मागे सरळ, मोकळा रस्ता आहे, तिथे आम्ही सरावाला गेलो. मला आधी जाणवली ती शांतता. वहिनीनं गिअर चुकवला, दादा काही बोलला नाही. ती एका वळणावर इंडिकेटर विसरली, तरीही नाही. मी पुढे वाकून पाहिलं. त्याच्या कानामागून घाम वाहत होता आणि त्यानं पोटाशी हात दाबून धरला होता.

"वहिनी, गाडी कडेला घे."

तिनं आरशात पाहिलं, इंडिकेटर दिला, गाडी कडेला घेतली, हँडब्रेक लावला. मग दादाकडे वळली. "काय होतंय?"

"मघापासून काही येत नाहीये," दादा म्हणाला.

वहिनी उतरली, त्याच्या बाजूचं दार उघडलं. गाडीतल्या बाटलीतलं पाणी हातांवर घेतलं. बाटली काठोकाठ भरलेली होती, ते तिनं पाहिलं, मीही पाहिलं.  गुडघ्यावर बसून तिनं मी बसवलेली चेन उघडली, पिशवी पाहिली. तळाशी थोडीशी लघवी, गडद. नळी बोटांनी वरपर्यंत चाचपली. मुडपलेली नव्हती, दबलेली नव्हती, पट्टा जागेवर होता. पोटाला नुसता हात लावला तर दादा कळवळला. पोट पुन्हा दगडासारखं झालं होतं.

"मी चालवतो, सरक," दादा म्हणाला. उठायला गेला आणि जागच्या जागी दुमडला.

मी म्हटलं टॅक्सी बोलावू. पण त्या गोदामांपर्यंत टॅक्सी यायची कधी आणि आम्ही पोचायचो कधी. वहिनीनं त्याचा सीटबेल्ट लावला, दार बंद केलं आणि आपल्या जागी येऊन बसली.

"बाजारातून जावं लागेल," दादा डोळे मिटून म्हणाला. "तू बाजारात कधी घातली नाहीयेस गाडी."

"आज घालते."

मी खूप प्रवास केलेत, पण त्या दुपारचा प्रवास मला मरेपर्यंत आठवेल. वहिनी मोठ्यानं बोलत होती, स्वतःशीच. आरसा. इंडिकेटर. वळण. बाजाराच्या चौकात चारही बाजूंनी गाड्या, मधे हातगाड्या, कुणी कुणाला वाट द्यायला तयार नाही. ती थांबली. मागच्यानं हॉर्न वाजवला, मग दुसऱ्यानं, मग सगळ्यांनी. मी मागे वळून असे डोळे वटारले की एक दोघे गप्प झाले. ती जागा दिसेपर्यंत हलली नाही. जागा दिसली आणि निघाली. पुढे एक टेंपो अचानक आडवा आला. तिनं ब्रेक दाबला, गाडी त्याच्या हातभर अलीकडे थांबली, इंजिन बंद पडू न देता.

तेव्हा माझं लक्ष दादाच्या पायांकडे गेलं. दोन्ही पाय त्यानं सीटखाली ओढून घेतले होते. त्याच्या बाजूचा ब्रेक रिकामा होता. गोदामापासून इस्पितळापर्यंत त्याला कुणी शिवलं नाही.

इस्पितळाच्या आवारात वहिनीनं गाडी दोन गाड्यांच्या जागेत तिरकी लावली आणि तशीच सोडली. नेमकी तीच खणखणीत आवाजाची नर्स तिथे होती. तिनं जुनी नळी काढली, नवी घातली. आणि पिशवी भरायला लागली. मला सांगायला लाज वाटत नाही, त्या पिशवीत उतरणारी लघवी पाहून मी आणि वहिनी एकमेकींच्या गळ्यात पडलो.

नर्सनं जुनी नळी आम्हाला दाखवली. तोंडाशी पांढरट, वाळूसारखा थर साचून भोक बुजलं होतं. नळी असली की कधीकधी असं होतंच, ती म्हणाली. पण पाणी कमी प्यायलं की जास्त होतं. मग तिनं दादाकडे पाहिलं. मीही पाहिलं. माझ्या तोंडाचा पट्टा सुटणार होता, पण वहिनीनं माझ्या हाताला हात लावला. गाडीची किल्ली अजून तिच्या मुठीतच होती.

"का नाही प्यायलात?" तिनं विचारलं.

"भरली असती. गिऱ्हाइकाला दिसली असती."

"मग भरू दे ना. भरली तर रिकामी करता येते," वहिनी म्हणाली. "ती भरते म्हणून तुम्ही आहात. मला ती भरलेलीच बरी वाटते."

दादानं तिचा हात धरला. माझ्यासमोर असा हात धरायचा माणूस नव्हे तो. बराच वेळ धरून ठेवला. "तू आणलंस मला," म्हणाला. "तू होतीस म्हणून."

मी आपलं खिडकीबाहेर पाहिलं. थोड्या वेळानं, त्याला जरा तरतरी आल्यावर, मी विचारलं, "दादा, बाजारात तो टेंपो आला तेव्हा ब्रेक का नाही दाबलास? वहिनीवर विश्वास बसला वाटतं."

"विश्वास कसला," तो म्हणाला. "पाय उचलायची ताकद नव्हती."

वहिनी हसली. पण मला वाटतं, तिला ते थोडं लागलं.

त्यानंतर बरंच बदललं. दादाच्या गाडीत आता दोन बाटल्या असतात, एक त्याची, एक शिकणाऱ्याची. प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला तो पहिल्याच दिवशी सांगून टाकतो: माझ्या पायाला लघवीची पिशवी आहे, मधे थांबून मला ती रिकामी करावी लागते, तेवढ्यात तू पाणी पी आणि आरसे नीट लाव. पहिल्यांदा सांगितलं ते मात्र एका जुन्याच गिऱ्हाइकाला, आधी दोनदा आरसा पुसून म्हणे. समोर तोच पाववाला होता. पाववाला म्हणाला, "माझ्या वडिलांनाही आहे, मास्तर. ते दार उघडून बाहेरच पडत नाहीत. तुमच्याकडे आणू का एकदा?" त्यानं खरंच आणलं. दोन म्हातारे पायरीवर बसून पट्टा कुठला चांगला, रबरी की कापडी, यावर संध्याकाळभर बोलले. मी त्या वडिलांच्याही पॅंटीला चेन लावून दिली. झाडाला आता नळाचं पाणी मिळतं.

वहिनी पहिल्या परीक्षेत नापास झाली, कारण ती चौकात फार वेळ थांबली. दुसऱ्यांदा पास झाली. परवाना हातात आला तेव्हा तिनं तो दादाला न दाखवता आधी मला दाखवला, याची मी इथे मुद्दाम नोंद करते.

परवा नळी बदलायचा दिवस होता. ठरल्याप्रमाणे वहिनी चालवणार होती, मीही सोबत निघाले. टपावरची पाटी तिनं काढून ठेवली. दादा सवयीनं पुढच्या दाराशी गेला, जिथे त्याचा ब्रेक आहे. दाराच्या मुठीवर हात ठेवला. मग थांबला, मुठीवरचा हात काढला आणि मागचं दार उघडलं.

"तू बस पुढे," मला म्हणाला. "मला जरा ऐसपैस बसायचंय. पिशवीला जागा लागते."

पिशवीला काही जास्त जागा लागत नाही. मी पुढे बसले, तो ब्रेक चुकूनही दाबला जाऊ नये म्हणून पाय आखडून. वहिनीनं आरशात पाहिलं. रस्ता पाहायला पाहिलं की त्याला, ते मला कळलं नाही.

बाजाराच्या चौकात नेहमीसारखी गर्दी होती. ती थांबली, मागून हॉर्न वाजले, जागा मिळाल्यावर ती निघाली. एक स्कूटर मधे घुसली, तिनं ब्रेक दाबला. मी सवयीनं मागे वळून दादाच्या पायाकडे पाहिलं.

तो झोपला होता. तोंड थोडं उघडं, मांडीवर अर्धी प्यायलेली बाटली, डाव्या पोटरीला पिशवी सावकाश भरत असलेली. उजवा पाय सरळ पसरलेला होता आणि अजिबात हलत नव्हता.

"काय म्हणतायत?" वहिनीनं रस्त्यावरची नजर न काढता विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "झोपलाय."

 पुढच्या वळणावर तिनं आरसा पाहिला, इंडिकेटर दिला आणि गाडी इतकी अलगद वळवली की मागे त्याची बाटलीसुद्धा कलंडली नाही.